सड्यावरचं पाणी, दमट हवा आणि कॉफी

काळ्या कॉफीच्या कपात शंभरातले 98 ते 99 भाग पाणी असतं. बिया चिकमगळूरच्या की कूर्गच्या, अरेबिका की रोबस्टा, यावर आपण भरपूर बोलतो, पण पाण्याचा विचार क्वचितच करतो. कोकणात हे दुर्लक्ष महागात पडतं, कारण इथे चार-पाच किलोमीटरच्या आत पाण्याची जात बदलते. सड्यावरच्या, म्हणजे उंच सपाट कातळावरच्या, विहिरीचं पाणी वेगळं, खाडीकाठच्या विहिरीचं वेगळं, आणि त्याच खाडीकाठच्या विहिरीचं पाणी जानेवारीत एक नि मे महिन्यात दुसरंच. पावडर तीच, माप तेच, चव मात्र बदललेली. म्हणून महागड्या यंत्रावर पैसे घालण्याआधी आपल्या घरचं पाणी समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

सडा जांभ्याचा. अतिशय दीर्घ काळ पडलेल्या पावसाने मूळ खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम धुऊन नेलं आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. जांभ्याचा तांबडा रंग त्या लोहाचा. खडकातून जे आधीच वाहून गेलं, ते विहिरीच्या पाण्यात कुठून येणार? त्यामुळे हे पाणी मृदू असतं, बहुधा किंचित आम्लधर्मीही. घरातल्या बायकांना हे कुठल्याही मीटरशिवाय माहीत असतं. साबणाला भरभरून फेस येतो, डाळ पटकन शिजते, पाणी तापवायच्या पातेल्याला पांढरा थर धरत नाही. घाटावर बोअरिंगचं पाणी वापरणाऱ्यांचा अनुभव याच्या बरोबर उलट असतो.

असं पाणी कॉफीला चांगलं की वाईट? 2014 मध्ये इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातला रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि त्याच गावात कॉफीचं दुकान चालवणारा मॅक्सवेल कोलोना-डॅशवुड यांनी याच प्रश्नाला हात घातला. कॉफीतली सायट्रिक, मॅलिक, क्लोरोजेनिक यांसारखी आम्लं, कॅफीन, आणि लवंगेलाही वास देणारं युजेनॉल, असे काही रेणू त्यांनी निवडले. पाण्यातले कोणते आयन, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे विद्युतभारित कण, या रेणूंना किती घट्ट धरतात याचं गणित त्यांनी संगणकावर मांडलं. त्यात मॅग्नेशियम सर्वांत पुढे निघालं, त्याच्या मागे कॅल्शियम. सोडियमची पकड अगदी ढिली. म्हणजे पाण्यात थोडं मॅग्नेशियम असेल तर पावडरीतून चवीचे रेणू जास्त चांगले ओढले जातात. दुसरा महत्त्वाचा घटक बायकार्बोनेट. तो कॉफीतल्या आम्लांना निष्प्रभ करतो. तो फार असेल तर कॉफी बेचव, मातकट लागते. अजिबात नसेल तर आंबटपणा अंगावर येतो.

कॉफी व्यवसायातल्या तज्ज्ञांनी पाण्यासाठी ठरवलेलं जुनं प्रमाण असं आहे: लिटरमागे एकूण विरघळलेले क्षार 150 मिलिग्रॅमच्या आसपास आणि त्यात आम्ल शोषून घेणारी, मुख्यतः बायकार्बोनेटची, क्षारता 40 मिलिग्रॅमच्या आसपास. सड्यावरचं पाणी सहसा याच्या खालीच भरतं, आणि पागोळ्यांचं साठवलेलं पाणी तर जवळजवळ क्षारहीन. आरओचं पाणीही बरेचदा तसंच. अशा पाण्यात हलकी भाजलेली, फळासारख्या आंबट चवीची कॉफी केली तर ती झोंबते. सड्यावर राहणाऱ्यांनी मध्यम ते गडद भाजणीची पावडर घ्यावी, असं मी सांगेन. गडद भाजणीत आम्लं बरीचशी मोडलेली असतात, त्यामुळे पाण्यातल्या बायकार्बोनेटची उणीव फारशी जाणवत नाही.

किनाऱ्यावरचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. मालवणजवळचं देवबाग घ्या. एका बाजूला कर्ली खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधे वाळूचा अरुंद पट्टा. अशा वाळूत पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खायबेन या डच अभियंत्याने आणि 1901 मध्ये हेर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने यातलं गणित मांडलं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 1 मीटर वर असेल, तर आदर्श परिस्थितीत गोडं पाणी सपाटीखाली 40 मीटरपर्यंत पोचतं. या नियमाची दुसरी बाजू काळजी वाढवणारी आहे. उपशामुळे वरची पातळी 10 सेंटीमीटर उतरली आणि तशीच राहिली, तर खालून खारं पाणी 4 मीटर वर सरकू शकतं. उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या विहिरी मचूळ होतात त्यामागे हे एक मोठं कारण असतं.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात क्लोराइड 19 ग्रॅमच्या वर असतं. म्हणजे शंभर भाग विहिरीच्या पाण्यात समुद्राचा सव्वा भाग मिसळला, तरी क्लोराइड लिटरमागे 250 मिलिग्रॅमच्या जवळ जातं, आणि पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने सांगितलेली स्वीकारार्ह मर्यादा तेवढीच आहे. अगदी थोडं सोडियम कॉफीला मदतच करतं. मीठ कडू चवीची जाणीव दाबतं, हे ब्रेसलिन आणि बोशाँ यांनी 1997 मध्ये दाखवून दिलं, आणि कडवट कॉफीत कणभर मीठ घालण्याची जुनी पद्धत त्यामुळेच उपयोगी पडते. पण खारटपणा जिभेला कळू लागला की फायदा संपला. उकळून तो जात नाही. पाणी आटल्यावर उलट वाढतोच. एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ लागू लागलं की कॉफीपुरतं तरी सड्यावरच्या विहिरीचं पाणी आणावं, किंवा आरओचं पाणी विहिरीच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळावं. हा दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण त्यात खारेपणा अर्ध्यावर येतो आणि थोडे क्षारही शिल्लक राहतात.

पाणी ठीक झालं की प्रश्न उरतो वेळेचा. आपल्याकडे बहुतेक घरांत पावडर, साखर, दूध, पाणी असं सगळं एकत्र घालून उकळतात, आणि चहाच्या सवयीने चांगलं रटरटू देतात. भाजलेल्या कॉफीच्या वजनातला साधारण 30 टक्के भागच पाण्यात उतरू शकतो, आणि तो सगळा उतरवायचा नसतो. 1950 च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने मोजमापं करून पट्टा ठरवला: पावडरीतला 18 ते 22 टक्के भाग कपात आला की कॉफी समतोल लागते. म्हणजे 15 ग्रॅम पावडरीतून साधारण 3 ग्रॅम. आम्लं आणि फळांसारखे वास लवकर उतरतात, मग गोडसर चव, आणि तुरट-कडू रेणू सर्वांत शेवटी. कॉफी आंबट आणि पाणचट लागली तर आपण लवकर थांबलो. कडू होऊन घशात राहिली तर उशिरा.

म्हणून पावडर आचेवर उकळू नये. कोकणातली बहुतेक गावं समुद्रसपाटीजवळ असल्यामुळे पाणी पूर्ण 100 अंशांना उकळतं. आंबोलीला, सुमारे 700 मीटर उंचीवर, ते दोन-अडीच अंश आधीच उकळायला लागतं. कॉफीला 90 ते 96 अंश पुरतात, तेव्हा खाली गावात गॅस बंद करून अर्धा-एक मिनिट थांबावं. 15 ग्रॅम पावडरीवर पाव लिटर पाणी ओतावं, चार मिनिटं झाकून ठेवावं, गाळावं. दूध वेगळं तापवून नंतर घालावं. दुधातली केसीन प्रथिनं तुरट पॉलिफेनॉल धरून ठेवतात, त्यामुळे दुधाच्या कॉफीसाठी पावडर थोडी जास्त घ्यायला हरकत नाही. बिया घरीच मिक्सरमध्ये दळत असाल तर थोडं थोडं थांबून फिरवा आणि पीठ मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. मिक्सर एकाच वेळी धूळही करतो आणि खडेही. धूळ कडवट होते, खडे कच्चे राहतात.

आता हवा. जूनमध्ये किनाऱ्यावर दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. फ्रीजमधून काढलेला कॉफीचा डबा लगेच उघडला, तर ते पाणी थेट पावडरीवर जमतं. डबा बाहेरच्या हवेइतका होऊ द्यावा, मगच उघडावा. त्याहून सोपं म्हणजे आठवड्यापुरती पावडर छोट्या घट्ट झाकणाच्या बरणीत बाहेर ठेवावी आणि बाकीच्या साठ्याला हातच लावू नये. इन्स्टंट कॉफी तर पावसाळ्यात अक्षरशः दगड होते. तिचे कण म्हणजे एक प्रकारची काच असते, स्फटिक न झालेली. ओल शोषली की ही काच मऊ, चिकट होते, कण एकमेकांना धरतात आणि गठ्ठा बसतो. तळलेला पापड सादळतो त्यामागचं विज्ञान हेच.

भाजलेल्या कॉफीचा हा शत्रू कच्च्या बियांच्या बाबतीत मात्र कामाला लावला गेला आहे, तोही आपल्याच किनाऱ्यावर. 1869 मध्ये सुवेझचा कालवा सुरू होण्याआधी मलबारच्या बिया आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिने जहाजात असत. समुद्राच्या दमट हवेत त्या फुगत, हिरव्याच्या पिवळसर होत आणि त्यांचा आंबटपणा जवळपास नाहीसा होई. युरोपातल्या लोकांना त्याच चवीची सवय लागली. प्रवास लहान झाला आणि ती चव गेली, तेव्हा ती जमिनीवरच घडवायची पद्धत निघाली. कोकण रेल्वे दक्षिणेला जिथे संपते त्या मंगळूरच्या बाजूला आजही मोसमी वारा आत येईल अशा गोदामांत बिया पसरतात, हलवतात, सैल पोत्यांत भरून वारा खेळू देतात. ही ‘मॉन्सून्ड मलबार’ सड्यावरच्या मृदू पाण्याला फार छान जुळते, कारण जे पाणी आंबटपणा रोखू शकत नाही त्याला मुळातच कमी आंबट बी हवं.

जायफळाबद्दल लिहिल्याशिवाय मराठी घरातल्या कॉफीचा लेख पुरा होत नाही. नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळ उत्तम येतं आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्याचे ‘कोकण सुगंधा’सारखे वाणही दिले आहेत. त्याचा वास सॅबिनीन, पायनीन अशा उडून जाणाऱ्या तेलांचा. ही तेलं स्वतः दीडशे अंशांच्या पुढे उकळतात, पण वाफेबरोबर त्याआधीच निघून जातात; कारखान्यात जायफळाचं तेल काढतात तेही वाफेनेच. कॉफीबरोबर जायफळ दहा मिनिटं उकळलं तर वास स्वयंपाकघरभर पसरतो आणि कपात फार थोडा उरतो. अख्खं जायफळ ठेवावं, गॅस बंद केल्यावर दुधात चिमूटभर किसावं, एवढंच. ते ग्रॅम-ग्रॅम घालायची वस्तू नाही, जास्त झालं तर विषारी ठरतं. आणि दूध साय न काढलेलं घ्यावं. ही तेलं पाण्यापेक्षा स्निग्धांशात कितीतरी चांगली विरघळतात, त्यामुळे पातळ दुधात वास पहिल्या घोटाच्या आसपासच उडून जातो, सायीच्या दुधात तो हळूहळू सुटत कप संपेपर्यंत पुरतो.