शेंड्यावरचं पांढरं पाखरू

वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते, तरी मोटारीच्या विजेची पाळी रात्रीचीच होती. वाळवा तालुक्यातल्या आमच्या उसाला पाणी पाजायला मी आबांबरोबर गेलो होतो. जानेवारीतली, सुरू हंगामाची लागण, ऊस छातीला लागलेला. एका सरीचं दारं मोडून आबा बांधावर टेकले आणि मी बॅटरीचा झोत पानांवरून फिरवत राहिलो. हिरव्या पानावर एका जागी पांढरा ठिपका चमकला. वाटलं, कापसाचं बोंड अडकलंय. जवळ गेलो तर पाखरू होतं.

पंख कौलारू छपरासारखे अंगावर टाकून ते बसलं होतं. बोटाच्या पेराएवढंही नाही. अंग पांढरं, पंख पांढरे, त्यावर ना रेघ ना नक्षी. फक्त पोटाच्या शेवटाला केशरी-विटकरी तुसाचा एक झुबका, जणू शेंदरात बुडवलेला कुंचला. मी बोट लावलं तशी बोटावर पांढरी भुकटी आली. आबा म्हणाले, "मारून टाक त्याला. शेंडं खातंय ते."

मी मारलं नाही. पण शेंडे ते खात नाही, हे आबांना पटवायला मला पुढचे कित्येक महिने लागले. या पाखराची सोंड खुरटलेली, नावापुरती असते. त्याला काही खाता येत नाही. आयुष्याचे चार-पाच दिवस अळीपणी साठवलेल्या चरबीवर काढायचे, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. जे काही खाणं होतं, ते अळीनं आधीच उरकलेलं असतं.

या पतंगाचं शास्त्रीय नाव स्किर्पोफॅगा एक्सर्प्टॅलिस. आपल्याकडे त्याच्या अळीला शेंडेकिडा म्हणतात. स्किर्पोफॅगा हे प्रजातीचं नाव ट्राइट्श्के यांनी १८३२ मध्ये दिलं. स्किर्पस म्हणजे पाण्याकाठी वाढणारं लव्हाळ्याच्या जातीचं गवत आणि फॅगा म्हणजे खाणारी. या नावात त्या कुळाचा सगळा पूर्वेतिहास आहे. आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या उष्ण मुलखात, दलदलीत, नदीकाठच्या उंच गवतांत ही पांढरी पाखरं राहत आली. त्यांच्या अळ्या पोकळ किंवा मऊ गाभ्याच्या दांड्यात शिरून आतल्या आत वाढतात. माणसानं अशाच गवतांतून भात आणि ऊस निवडले आणि एकरच्या एकर लावले. पाखरांनी आपली सवय बदललेली नाही. त्यांच्या दारात आपण पीक आणून लावलं, असं म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं.

बोटावर आलेल्या त्या भुकटीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मला त्यानं फार दिवस वेड लावलं होतं. ती भुकटी म्हणजे पंखांवरचे खवले. पतंगांचा पांढरेपणा बहुतेक वेळा चुन्यासारख्या पांढऱ्या रंगातून आलेला नसतो. खवला कायटिनचा, म्हणजे किड्यांचं कवच ज्याचं बनतं त्या पदार्थाचा, आणि कायटिन स्वतः जवळजवळ पारदर्शक. पण त्या खवल्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक कडा, आडव्या पट्ट्या आणि मधे हवेच्या पोकळ्या असतात. प्रकाश त्यात शिरला की वाट फुटेल तिकडे उधळतो, आणि सगळे रंग सारखेच उधळले गेले की आपल्याला पांढरं दिसतं. घरात हे रोज घडतं. खडीसाखरेचा खडा उजेडात धरला तर आरपार दिसतो, तोच खलबत्त्यात कुटला की पिठीसाखर पांढरीशुभ्र. साखर तीच, फक्त तिचे कोपरे वाढले. आमच्या शेतात साखर उसाच्या आत आहे आणि पिठीसाखरेची युक्ती बाहेर पानावर बसलेली आहे.

आता शेंड्याकडे. मादी पानाच्या खालच्या बाजूला अंड्यांचा पुंजका घालते आणि तो आपल्या केशरी झुबक्यातल्या तुसानं झाकते. पानावर वाटाण्याच्या डाळीएवढा तपकिरी, मखमली डाग दिसला की समजायचं. आठवड्याभरात अळ्या बाहेर येतात आणि पसरतात. एका शेंड्यात शेवटी बहुधा एकच अळी टिकते. ती आधी पानाच्या मधल्या शिरेत शिरते आणि शिरेतूनच बोगदा करत खाली उतरते. शिरेवर आधी पांढरट आणि नंतर तांबूस पडणारी रेघ ही तिच्या वाटेची खूण. तिथून ती पोंग्यात, म्हणजे अजून न उलगडलेल्या पानांच्या गुंडाळीत घुसते.

त्यानंतरची खूण मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत सुंदर वाटते, नुकसान आमचं असलं तरी. काही दिवसांनी ते पान उलगडतं आणि त्यावर आडव्या ओळीत सारख्या अंतरावर भोकं दिसतात, कुणी पट्टी ठेवून पाडल्यासारखी. कागदाची घट्ट सुरळी करून सुई एकदाच आरपार काढा आणि सुरळी उलगडा. एकाच टोचणीची ओळ उमटलेली दिसेल. अळीनंही तेच केलेलं असतं. पान जेव्हा गुंडाळलेलं होतं तेव्हा तिनं ते एकदाच पोखरलं. ओळ उमटवली ती उसाच्या वाढीनं.

पुढं ती वाढीच्या कोंबापर्यंत पोचते. कोंब मेला की शेंडा वाळतो, त्याला आपण पोंगामर म्हणतो. ऊस मोठा असेल तर वरच्या डोळ्यांतून पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटतात आणि शेंडा झाडूसारखा दिसायला लागतो. अशा उसाची उंची तिथंच थांबते.

इथं एक गल्लत कायम होते. लहान उसात पोंगा वाळला की तो बहुतेकदा खोडकिड्याचा प्रताप असतो. त्याचं पाखरू वाळलेल्या गवताच्या रंगाचं असतं. त्याचा वाळलेला पोंगा ओढला की अलगद हातात येतो आणि त्याला कुजका वास येतो. शेंडेकिड्याचा पोंगा सहजी उपटून येत नाही. शिवाय खोडकिड्याच्या अळीच्या पाठीवर पाच जांभळट रेघा असतात, तर शेंडेकिड्याची अळी साईच्या रंगाची, कोरी. पाखरू कोरं आणि अळीही कोरी.

या कोरेपणानं शास्त्रज्ञांनाही पुष्कळ फिरवलं. फॅब्रिशियस यांनी १७९४ मध्ये अशाच एका पांढऱ्या पतंगाला निवेला हे नाव दिलं. लॅटिनमध्ये निक्स, निविस म्हणजे बर्फ. पुढं वॉकर यांनी १८६३ मध्ये एक्सर्प्टॅलिसचं वर्णन केलं. पण पंखांवर काहीच खूण नसेल तर दोन पांढरी पाखरं वेगळी कशी ओळखायची? भारतात उसाच्या शेंडेकिड्याला वर्षानुवर्षं निवेला म्हणूनच ओळखलं गेलं. १९८१ मध्ये लेवानिच यांनी पूर्ण प्रजातीचा फेरआढावा घेतला, तेव्हा स्पष्ट झालं की उसात राहणारी ती एक्सर्प्टॅलिस, आणि निवेला ही निराळीच जात. हा उलगडा पंखांतून झाला नाही. असा पतंग ओळखायचा तर पोटाचा शेवटचा भाग कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करतात, तो स्वच्छ करून काचपट्टीवर ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांचे आकार बघतात. नराच्या पकडी, मादीच्या पोटातल्या पिशवीची घडण, हे प्रत्येक जातीचं वेगळं. बाहेरून पांढरं दिसणारं पाखरू आत आपली सही ठेवून असतं.

पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूलाही हेच घडलं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण, पाणथळ मुलखात याच उपकुळातली रुपेला नावाची प्रजाती आहे. तीही शुभ्र पांढरी, आणि तिचीही एक जात भाताच्या खोडात शिरते. १९३७ मध्ये कार्ल हाइनरिख यांनी तिच्या जाती वेगळ्या केल्या, त्याही अशाच आतल्या आकारांवरून.

नावाची एवढी उठाठेव कशाला, असं आबांनी मला विचारलं होतं. मी त्यांना शिराळ्याचं उदाहरण दिलं. शिराळा तालुक्यात, चांदोलीच्या पायथ्याला भात आहे. तिथं पोंगे वाळतात ते स्किर्पोफॅगा प्रजातीतल्याच इन्सर्टुलास या भावकीमुळं. तिची मादी पिवळसर, प्रत्येक पुढच्या पंखावर एक काळा ठिपका. ती भातालाच चिकटून राहते, उसाच्या वाटेला जात नाही. इंडोनेशियात इनोटाटा नावाचं तिसरं भावंड आहे, पांढरं. त्याची अळी भाताच्या धसकटात कोरडा हंगाम झोपून काढते आणि पावसाच्या ओलाव्यानं जागी होते. तिथं धसकटाचं काय करायचं हा मोठा प्रश्न. म्हणजे रंग सारखा दिसला तरी वेळापत्रक वेगळं, आणि उपाय वेळापत्रकावर ठरतो. कामगंध सापळ्यातही, म्हणजे मादीच्या गंधाची गोळी टांगून नर पकडायच्या सापळ्यातही, तसंच. मादीच्या गंधाचं मिश्रण जातीजातीचं वेगळं, त्यामुळं भातातल्या इन्सर्टुलासची गोळी उसात टांगून उपयोग नाही.

आबांचं समाधान त्या रात्री झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आम्ही दोघं सरीतून फिरलो आणि मखमली डाग असलेली नऊ पानं तोडली. आबा ती जाळायला निघाले होते. मी ती मागून घेतली, बरणीत घातली आणि तोंडाला पातळ मलमल बांधली. कारण मला माहीत होतं की अंड्यांच्या त्या पुंजक्यांत सगळी पाखरंच असतील असं नाही. ट्रायकोग्रामा जॅपोनिकम नावाची गांधीलमाशीच्या जातभाईतली माशी, लांबीला एक मिलिमीटरही नाही, शेंडेकिड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते. शेतकऱ्यांना मिळणारी ट्रायकोकार्डं अशाच माशांची असतात. एका कार्डावर तांदळाच्या पतंगाची (हा साठवलेल्या धान्यातला, शेतातला नव्हे) साधारण २० हजार अंडी चिकटवलेली असतात आणि त्या अंड्यांत ही माशी वाढत असते. अळी उसात शिरल्यावर तिचाही माग काढणारी एक माशी आहे, इसोटिमा जावेन्सिस. ती आपली लांब सुई खोडातून आत खुपसून अळीपर्यंत अंडं पोचवते. अंड्याची पानं जाळली की अळीबरोबर हे मदतनीसही जळतात, आणि अंदाधुंद फवारणी केली तर ते आधी मरतात. अळी तर खोडाच्या आत सुखरूप असते.

पाचव्या दिवशी बरणीत अळ्या दिसल्या, केसाएवढ्या. त्या मी काढून टाकल्या. तीन पुंजके मात्र काळपट पडत गेले होते. नवव्या दिवशी सकाळी मलमलीच्या आतल्या बाजूला मोहरीच्या दाण्याहूनही बारीक काळे ठिपके हलताना दिसले. चष्मा लावूनही आबांना आधी ते दिसेनात. मग मी भिंग हातात दिलं. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही.

संध्याकाळी ते स्वतःच बरणी घेऊन रानात गेले, मधल्या सरीत उसाच्या बुडाशी ठेवली आणि मलमल सोडली.