गाडीच्या सायरनला बॅकअप कुठला घालायचा?

गाडीत अलार्म आहे, रिमोट दाबला की टुंग करून वाजतो, सगळं ठीक. पण सायरनला करंट येतो तो गाडीच्याच बॅटरीतून, आणि हे चोराला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. बॉनेट उघडून बॅटरीचा मायनस काढला की अलार्म मुका. म्हणून सायरनला स्वतःची छोटी बॅटरी लागते, मेन सप्लाय तुटला की तिच्यावर सायरन आपोआप बोंबलायला लागतो.

दुकानात आल्यावर बहुतेक जण पहिलं हेच विचारतात की मोठी बॅटरी टाकली तर बरं ना? हिशोब बघा. जोरात वाजणारा सायरन धरून चाला १ अँपिअर खातो, नक्की किती ते त्याच्या मागच्या लेबलावर असतं. सलग १० मिनिटं वाजला तरी १७० एमएएच (मिलिअँपिअर-तास, बॅटरीत किती मावतं त्याचं माप). ६०० एमएएचचा पॅक (जोडलेल्या सेलची छोटी बॅटरी) जुना होऊन अर्ध्यावर आला तरी पुरून उरतो. यूपीएसमधली ७ एएचची (म्हणजे ७००० एमएएच), दोन किलोच्या वरची बॅटरी सायरनसाठी बांधून फिरायची काहीच गरज नाही, वर रात्रभर सायरन वाजला तर चोर राहिला बाजूला, शेजारीच दगड मारतील.

खरा प्रश्न साइझचा नाही, गरमीचा आणि उभ्या गाडीचा आहे. एप्रिल-मेमध्ये म्हापशाच्या ट्रॅफिकमधून गाडी आली की बॉनेटखाली हात लावून बघा. सील्ड लेड अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य दर १० डिग्री वाढीला साधारण निम्मं होतं, म्हणून १२ व्होल्ट १.३ एएचवाली घ्यायचीच असेल तर सीटखाली किंवा डिकीत घाला, तिथे ती चांगली चालते, बॉनेटमध्ये नको.

लिथियमचं म्हणाल तर जुन्या लॅपटॉपचे सेल काढून केलेला पॅक आम्ही बसवत नाही, कितीही स्वस्त पडला तरी. तीन सेलचा पॅक १२.६ व्होल्टला फुल होतो आणि इंजिन चालू असताना गाडीच्या लाइनवर १४ च्या वर व्होल्टेज असतं, मधे नीट चार्जर आणि प्रोटेक्शन बोर्ड नसेल तर आगीला आमंत्रण. लिथियम आयर्न फॉस्फेटचा १२.८ व्होल्टचा पॅक बोर्डासकट घेतला तर चालेल, पण सायरनएवढ्या कामाला महाग जातो.

आमची पसंती निकेल मेटल हायड्राइडला, आणि त्यातही १० सेलचा नाही, ८ सेलचा ९.६ व्होल्टवाला पॅक. कारण चार्ज होताना एकेक सेल १.४ च्या वर जातो, १० सेलना १४ च्या वर व्होल्ट लागतात आणि उभ्या गाडीत असतात १२.६, मग तो अर्धपोटीच राहतो. ८ सेल ११.५ च्या आसपास भरतात. आवाज किंचित उतरतो, पण वाड्यावर, म्हणजे आसपासच्या वस्तीत, ऐकू जाईल एवढा असतोच. चार्जिंग रेझिस्टरमधून हळूहळू द्यायचं, ६०० एमएएचला ३० मिलिअँप बस झाले, मधे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देतो तो) हवाच, नाहीतर मायनस काढल्यावर हा एवढासा पॅक अख्ख्या गाडीला करंट द्यायला जातो आणि बसतो. पॅकच्या प्लसजवळ २-३ अँपिअरचा फ्यूज. वायर कापाकापी न करता कपलर (खटकन बसणारा जोड) लावून घ्या, गाडी वॉरंटीत असेल तर खास करून.

रेडिमेड बॅकअप सायरन घेतला तर हे सगळं आतच असतं, सोबत एक छोटी किल्ली येते ती हरवू नका. सर्व्हिसिंगला मेकॅनिकने बॅटरी काढली की सायरन सुरू, आणि किल्ली घरी कपाटात! सायरनचं तोंड खाली करून बसवा, पावसात पाणी साचत नाही. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी कनेक्शनला पेट्रोलियम जेली लावा, खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवा थर चढतो तो आम्ही रोज खरवडतो.

तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्या मंडळींसाठी वेगळं सांगतो. अलार्म आणि बाकी सर्किट मिळून २५ मिलिअँप जरी खात असले तरी ३० दिवसांत १८ एएच गेले, ४५ एएचच्या बॅटरीत मग राहतं काय? मेन बॅटरी बसली की सायरनला वाटतं वायर कापली, आणि तुम्ही जहाजावर. सहा महिने जाणार असाल तर किल्लीने सायरन बंद करा आणि मग मेनचा मायनस काढून ठेवा.

टेस्ट महिन्यातून एकदा: गाडीची किल्ली हातात ठेवून अलार्म ऑन करा आणि सायरनच्या मेन सप्लायचा फ्यूज ओढा, पॅकचा नव्हे. मिनिटभर दणदणीत वाजला तर पॅक ठीक, रडत वाजला तर बदला. जुना पॅक कचऱ्यात टाकू नका, दुकानात आणून द्या, आम्ही पुढे रिसायकलिंगला देतो. काम करून घ्यायचं असेल तर सकाळी या, बॉनेट थंड असतं.