टेस ऑफ द डर्बरव्हिल्स : निवेदनतंत्र

इंग्रज कादंबरीकार टॉमस हार्डी (१८४०–१९२८) यांची शोकात्म कादंबरी. १८९१ मध्ये ती लंडनच्या द ग्राफिक साप्ताहिकातून क्रमशः छापली गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तीन खंडांत पुस्तकरूपाने आली. गरीब घरातली टेस, तिच्या असहायतेचा फायदा घेणारा अलेक आणि लग्नाच्या रात्री तिचा भूतकाळ कळताच तिला टाकून जाणारा नवरा एंजल क्लेअर यांची ही कथा टेसच्या फाशीने संपते. कथा घडते ती वेसेक्समध्ये, म्हणजे हार्डीने मुख्यतः डॉर्सेट परगण्यावर बेतलेल्या प्रदेशात.

निवेदक सर्वज्ञ आहे. टेसच्या मनात तो सहज शिरतो, तिच्या पूर्वजांचा इतिहास सांगतो, धर्म आणि समाज यांच्यावर भाष्य करतो. पण ज्या घटनांवर कथानक उभे आहे, नेमक्या त्याच तो डोळ्यांआड ठेवतो, आणि कादंबरीचे खरे बळ या मौनात आहे. अलेक टेसचा गैरफायदा घेतो त्या अरण्यातल्या रात्री धुके दाटते, टेस झोपलेली असते आणि निवेदक तिचा रक्षक देवदूत कुठे होता असे विचारू लागतो. तो बलात्कार होता की फसवणूक, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. लग्नाच्या रात्री टेस आपली कहाणी सांगायला सुरुवात करते आणि चौथे पर्व संपते. ‘किंमत बाईच मोजते’ अशा अर्थाचे नाव असलेले पाचवे पर्व उघडते तेव्हा तिचे सांगून झालेले असते. तिचे शब्द वाचकाला ऐकायलाच मिळत नाहीत, दिसतो तो फक्त परिणाम. अलेकचा खूनही घरमालकिणीच्या नजरेतून कळतो. खालच्या खोलीत बसलेल्या तिला पांढऱ्या छतावर आधी एक लहानसा डाग दिसतो. तो तळहाताएवढा होतो, लाल असल्याचे ध्यानात येते, आणि वाढत वाढत छत बदामाच्या एक्क्यासारखे दिसू लागते.

हा लाल रंग सुरुवातीपासून पेरलेला आहे : मे महिन्याच्या नाचात टेसच्या केसांतली फीत, घोडा मरताना तिच्या अंगावर उडालेले रक्त, अलेकने तिला भरवलेली स्ट्रॉबेरी, कुंपणावर रंगवलेली पापाची धमकी देणारी वचने.

निवेदक तटस्थ नाही. आपण पापी आहोत असे मानून टेस रात्री रानातून हिंडते, तेव्हा तो मध्ये पडून सांगतो की तिने मोडला तो समाजाचा नियम, भोवतालच्या सृष्टीला असा कुठलाही नियम ठाऊक नाही. भूदृश्येही तिची बाजू मांडतात. टॉलबोथेजच्या दूधदुभत्याच्या खोऱ्यात प्रेम फुलते. फ्लिंटकोंब-अ‍ॅशच्या गारगोट्यांच्या माळावर मात्र शेत हा एक तपकिरी चेहरा, आभाळ हा दुसरा पांढरा चेहरा, आणि दोघांच्या मध्ये सलगम खणणाऱ्या दोन मुली माश्यांसारख्या सरपटताना दिसतात. कष्टाचे इतके थेट चित्र त्या काळच्या इंग्रजी कादंबरीत क्वचितच आढळते.

योगायोगांच्या अतिरेकाबद्दल हार्डीवर टीका झाली आहे. टेसने लिहिलेले कबुलीपत्र दाराखालून सरकवताना सतरंजीखाली जाते, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. परंतु ते पत्र टेसला लग्नाआधीच सापडते. ती तोंडी सांगायला जाते आणि एंजलच ‘नंतर बोलू’ म्हणून तिला थांबवतो. दुर्दैवाच्या जोडीला माणसाची आत्मसंतुष्टता आहे, हे टीकाकारांच्या नजरेतून बरेचदा सुटते.

साप्ताहिकाच्या संपादकीय संकोचापायी हार्डीला कथेची मोडतोड करावी लागली. अरण्यातल्या प्रसंगाऐवजी खोट्या लग्नाचा प्रसंग आला. पाण्याने भरलेल्या वाटेवरून एंजल गवळणींना उचलून नेतो, तिथे त्यांना हातगाडीवर बसवावे लागले. टेसने आपल्या मरणोन्मुख बाळाला स्वतःच बाप्तिस्मा देण्याचा भागही वगळून वेगळा छापावा लागला. पुस्तकात यातले बहुतेक परत आले, तरी दहाव्या प्रकरणातील नाचाच्या वर्णनाची काही पाने १९१२ च्या आवृत्तीपर्यंत बाहेरच राहिली. टेसला ‘शुद्ध स्त्री’ म्हणणारे उपशीर्षक मात्र पहिल्या पुस्तकावरच होते. शेवटची मुद्रिते वाचून झाल्यावर हार्डीने ते अगदी ऐनवेळी जोडले, आणि सर्वाधिक वादही त्यावरच झाला.