गर्भपातासाठी सही कोणाची लागते? पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

ग्रामीण भागातल्या एका रुग्णालयात, स्त्रीरोग विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या तिशीतल्या एका बाईंच्या हातातला केसपेपर मला अजून आठवतो. वरच्या अर्ध्या भागात डॉक्टरांनी तपासणी लिहिली होती आणि खाली, वेगळ्या अक्षरात, 'नवऱ्याला घेऊन येणे' असा शेरा होता. नवरा ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात होता. गर्भ अकरा आठवड्यांचा होता आणि घरी तीन लेकरे होती. नवरा गावी परतला तोवर चौदावा आठवडा उलटला. बारा आठवड्यांपुढचा गर्भपात करणारे तज्ज्ञ त्या रुग्णालयात नसल्यामुळे त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्यात आले. त्या एका शेऱ्यामुळे एवढे घडले आणि कायद्यात त्या शेऱ्याला कसलाच आधार नव्हता. ही माहिती लिहिताना त्या बाई सतत डोळ्यांसमोर आहेत.

आपल्याकडे वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. त्याचा पाया ज्या समितीच्या अहवालाने घातला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते, ही गोष्ट आपल्या राज्यात फारशी कोणाला ठाऊक नसते. २००२ मध्ये आणि पुढे २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्त्या झाल्या. २०२१ ची दुरुस्ती २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू असून तिला धरून सुधारित नियम ऑक्टोबर २०२१ मध्ये आले. पुढची सगळी माहिती या दुरुस्त कायद्यानुसार आहे. एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करायला हवी. आपल्या कायद्याने 'मला नको आहे' एवढ्या कारणावर गर्भपाताचा हक्क दिलेला नाही. अंतिम मत डॉक्टरांचे असते. परंतु ते मत बनवताना डॉक्टरांनी काय पाहायचे आणि काय मागायचे नाही, हेही कायद्यानेच ठरवून दिले आहे.

कोण पात्र आहे?

पात्रता आठवड्यांवर ठरते, म्हणून आधी आठवडे कसे मोजतात ते समजून घ्यावे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू होते. दिवस कधी गेले असतील, हा अंदाज त्यासाठी उपयोगाचा नाही. पाळी चुकून आठवडाभर झाला असे बाई सांगते, तेव्हा डॉक्टरांच्या हिशेबाने पाचवा आठवडा झालेला असतो. या फरकामुळे अनेकींचा हिशेब तीन-चार आठवड्यांनी चुकतो आणि मर्यादेच्या काठावर तो फार महागात पडतो. पाळीची तारीख आठवत नसेल किंवा पाळी अनियमित असेल, तर सोनोग्राफीवरून गर्भाचे वय ठरवतात.

वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते. गर्भ राहिल्याने स्त्रीच्या जिवाला धोका असेल, तिच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा होणार असेल, किंवा होणाऱ्या बाळात गंभीर व्यंग असण्याची मोठी शक्यता असेल, तर गर्भपात करता येतो. यांतले 'मानसिक आरोग्य' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण त्याचा विचार करताना स्त्रीची सध्याची आणि नजीकच्या काळातली परिस्थिती लक्षात घ्यावी असे कायदाच सांगतो. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याने राहिलेला गर्भ मानसिक आरोग्याला गंभीर इजा करणारा मानता येतो. पूर्वी हे कलम 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' एवढ्यापुरते होते, २०२१ मध्ये तिथे 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. बलात्कारातून राहिलेल्या गर्भाच्या बाबतीत तर मानसिक इजा गृहीतच धरली जाते.

वीस ते चोवीस आठवड्यांच्या टप्प्यात दोन डॉक्टरांचे मत लागते आणि स्त्री नियमात सांगितलेल्या गटांपैकी एका गटातली असावी लागते. लैंगिक अत्याचार, बलात्कार किंवा जवळच्या नात्यातील अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुली, गर्भारपणातच वैधव्य किंवा घटस्फोटामुळे वैवाहिक स्थिती बदललेल्या स्त्रिया, मोठे शारीरिक अपंगत्व असलेल्या स्त्रिया, मानसिक आजार किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रिया, गर्भात गंभीर व्यंग आढळलेल्या स्त्रिया आणि सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीत किंवा आणीबाणीच्या परिस्थितीत सापडलेल्या स्त्रिया असे हे गट आहेत.

अविवाहित स्त्रीचे काय, हा प्रश्न २०२२ पर्यंत वादाचा होता. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. चंद्रचूड, न्या. बोपन्ना आणि न्या. पारडीवाला यांच्या खंडपीठाने तो निकालात काढला. वैवाहिक स्थिती बदलण्याचा गट अविवाहित स्त्रीलाही लागू होतो आणि विवाहित-अविवाहित असा भेद करणे घटनेला धरून नाही, असे न्यायालयाने सांगितले. या कायद्यापुरता नवऱ्याने केलेला बलात्कारही बलात्कारच धरावा, हेही त्याच निकालात आहे. अत्याचाराच्या कारणावरून गर्भपात मागणाऱ्या स्त्रीने तो अत्याचार आधी कोर्टकचेरीत सिद्ध करण्याची गरज नाही. त्यामुळे 'आधी पोलिसात जाऊन एफआयआर करून या, मग बघू' असे सांगून प्रौढ स्त्रीला परत पाठवणे चुकीचे आहे.

कोणती कागदपत्रे लागतात?

गर्भपातासाठी कायद्याला स्त्रीकडून हवा असलेला कागद एकच आहे, तो म्हणजे संमतीपत्र. नियमांत त्याला फॉर्म सी म्हणतात. तो एका पानाचा असून त्यात स्त्रीचे नाव, ती कोणाची मुलगी किंवा पत्नी, अंदाजे वय, कायमचा आणि सध्याचा पत्ता आणि गर्भपात जिथे होणार त्या ठिकाणाचे नाव लिहून, खाली स्त्रीची सही किंवा अंगठा घेतात. इथे जरा थांबून तो कागद नीट पाहण्यासारखा आहे. वयासाठीसुद्धा त्यात 'सुमारे इतकी वर्षे' असेच शब्द आहेत. नवऱ्याच्या, सासूच्या किंवा वडिलांच्या सहीसाठी त्यावर ओळच नाही. पालकाच्या संमतीचा मजकूर खाली आहे, परंतु तो मुलगी अठरा वर्षांखालील असेल किंवा स्त्री मानसिक आजारी असेल तेव्हाच भरायचा आहे.

त्यातही 'पालक' याचा अर्थ कायद्याने मोठा ठेवला आहे. त्या मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती म्हणजे पालक, मग ती मावशी असेल किंवा आजी. वडीलच हवेत असा आग्रह धरता येत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्रीच्या बाबतीत तर तिची स्वतःची संमती डावलता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. मूल होऊ द्यायचे की नाही हा निर्णय घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग आहे, हे त्याच निकालाने सांगितले.

मग आधार कार्ड, रेशन कार्ड, लग्नाचा दाखला हे सगळे का मागितले जाते? सोनोग्राफी केंद्रात ओळखपत्राची प्रत सहसा घेतली जाते, कारण तिथे गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा कायदा लागू असतो आणि प्रत्येक तपासणीची नोंद ठेवावी लागते. हे दोन कायदे वेगळे आहेत, पण रुग्णालयाच्या खिडकीवर त्यांची सरमिसळ होते. लिंगनिदानाच्या कारवाईची धास्ती घेतलेली मंडळी कायदेशीर गर्भपातही टाळू पाहतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. लिंग पाहून केलेला गर्भपात हा गुन्हाच आहे. परंतु त्या गुन्ह्याच्या भीतीने तीन लेकरांच्या आईला दारातून परत पाठवणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. कुटुंबाची संमती, कागदोपत्री पुरावे किंवा न्यायालयाची परवानगी अशा कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असे २०२२ च्या निकालात स्पष्ट लिहिले आहे. निकालाचा हा भाग छापून सोबत ठेवला तर खिडकीवरचे बोलणे लवकर आटपते.

व्यवहारात शेवटच्या पाळीची तारीख, असल्यास सोनोग्राफीचा अहवाल, रक्तगट आणि हिमोग्लोबिनची तपासणी आणि आधीच्या बाळंतपणाचे किंवा सिझेरियनचे कागद सोबत नेल्यास डॉक्टरांना मदत होते. वीस आठवड्यांनंतर ज्या गटात आपण बसतो त्याचे कागद, म्हणजे अपंगत्वाचा दाखला, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला किंवा व्यंगाचे अहवाल, सोबत घ्यावेत.

प्रक्रिया कशी होते?

सरकारी रुग्णालयात किंवा जिल्हा समितीने मान्यता दिलेल्या खासगी रुग्णालयातच गर्भपात करता येतो. खासगी ठिकाणी मान्यतेचे प्रमाणपत्र सहज दिसेल असे लावलेले असावे. ते जरूर वाचावे, कारण मान्यता बारा आठवड्यांपर्यंतची आहे की चोवीसपर्यंतची, हे त्यावरून कळते. नोंदणी नसलेल्या माणसाने गर्भपात केल्यास त्याला दोन ते सात वर्षे सक्तमजुरीची शिक्षा आहे.

तपासणीनंतर डॉक्टर आपले मत ठरलेल्या नमुन्यात लिहितात, संमतीपत्र भरून घेतात आणि पद्धत ठरवतात. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो. त्यासाठी सहसा पहिल्या, तिसऱ्या आणि पंधराव्या दिवशी यायला सांगतात. पंधराव्या दिवसाची फेरी बऱ्याच जणी टाळतात. ती टाळू नये, कारण गर्भ पूर्ण पडला की नाही हे त्या दिवशी कळते. नऊ आठवड्यांपुढे शोषण पद्धतीने पिशवी रिकामी करतात आणि बारा आठवड्यांनंतर दवाखान्यात दाखल व्हावे लागते. दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या घेऊन घरी हा प्रयोग करणे धोक्याचे आहे. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि आत रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकते.

चोवीस आठवड्यांनंतर गर्भात मोठे व्यंग असेल तरच, आणि तेही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने, गर्भपात होतो. मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी किंवा क्ष-किरण तज्ज्ञ असतात. अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत मंडळाने मत द्यायचे असते आणि अर्जापासून पाच दिवसांच्या आत प्रक्रिया व्हावी अशी तरतूद आहे. म्हणून अर्जाची पोच तारखेसह घ्यावी. हा मार्ग कायद्यात येण्यामागे मुंबईचे डॉ. निखिल दातार आणि त्यांचे एक रुग्ण दांपत्य यांनी २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दिलेला लढा आहे. तेव्हा त्यांना दिलासा मिळाला नव्हता.

मंडळाने नकार दिला किंवा व्यंग नसताना चोवीस आठवडे उलटले, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये, मंडळाचे मत विरोधात असतानाही, तेहतिसाव्या आठवड्याच्या सुमारास असलेल्या स्त्रीला परवानगी दिली. निवड करण्याचा हक्क स्त्रीचा आहे, मंडळाचा नाही, ही त्यामागची भूमिका होती. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सव्वीस आठवड्यांच्या गर्भाबाबत दोन मुलांच्या आईला परवानगी नाकारली. त्यामुळे न्यायालयात काय होईल हे आधी सांगता येत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. जिवाला तातडीचा धोका असेल, तर मात्र आठवड्यांची मर्यादा, दुसऱ्या डॉक्टरांचे मत यांतले काहीच आड येत नाही.

नाव कोणाला कळते?

मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणाऱ्या कायद्याखाली पोलिसांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. या भीतीने कितीतरी आया मुलीला घेऊन भोंदू दाईकडे जातात. त्यांना हे सांगायला हवे की मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास त्या अहवालात मुलीचे नाव आणि ओळख देण्याची डॉक्टरांना गरज नाही, असे २०२२ च्या त्याच निकालात म्हटले आहे. तक्रार करायची असेल, तर गर्भाचे नमुने डीएनए तपासणीसाठी राखून ठेवायला प्रक्रियेच्या आधीच सांगावे. अत्याचारग्रस्त स्त्रीवर सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांनी मोफत उपचार करायचे असतात.

बाकी सर्वांच्या बाबतीत गर्भपाताची नोंदवही हा गोपनीय दस्तऐवज आहे. इतर कागदांवर नावाऐवजी त्या वहीतला अनुक्रमांक लिहितात आणि संमतीपत्र व डॉक्टरांचे मत 'गोपनीय' असे लिहिलेल्या पाकिटात बंद करून ठेवतात. कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणाला डॉक्टरांनी नाव सांगितले, तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी येऊन विचारले, तरी हाच नियम लागू होतो.