जठराचा कर्करोग: ऑपरेशननंतरचं आयुष्य कशावर ठरतं?

जठराच्या कर्करोगाचं ऑपरेशन संपलं की नातेवाईक सर्जनला विचारतात, "सगळं निघालं ना?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचं पक्कं उत्तर त्या घडीला सर्जनकडेही नसतं. ते काही दिवसांनी पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात येतं.

कापलेल्या कडांवर कर्करोगाच्या पेशी उरल्या नाहीत ना, हे त्यात आधी बघायचं. मग गाठ भिंतीत किती खोल गेली ते. रोग अस्तरात किंवा त्याच्या लगतच्या थरातच असेल, तर दहापैकी नऊ जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी तपासणी होते, म्हणून तिथे असे रुग्ण वेळीच सापडतात. आपल्याकडे बहुतेक जण उशिरा येतात. महिनोन् महिने 'ॲसिडिटी'च्या गोळ्या चालू असतात.

लसिकाग्रंथींचे (लिम्फ नोड्स; कर्करोग पसरताना ज्यांत शिरतो त्या छोट्या गाठी) आकडे मात्र दोन हवेत: तपासल्या किती आणि बाधित किती. किमान १६ तपासाव्यात असा संकेत आहे. सहाच पाहिल्या आणि सहाही निर्दोष निघाल्या, तर निर्धास्त होता येत नाही. रोग न पाहिलेल्या सातवीत असू शकतो.

या ग्रंथी किती दूरपर्यंत काढाव्यात, यावर मोठा वाद झाला. नेदरलँड्समध्ये १९८९ ते १९९३ दरम्यान ७११ रुग्णांवर दोन पद्धतींची तुलना झाली. जठरालगतच्याच ग्रंथी काढलेल्यांपैकी ४ टक्के ऑपरेशननंतर दगावले, तर रक्तवाहिन्यांच्या कडेच्या ग्रंथीही काढलेल्यांपैकी १० टक्के. पाच वर्षांनीही मोठ्या ऑपरेशनचा फायदा दिसेना. पंधरा वर्षांनी मात्र चित्र पालटलं: जठराच्या कर्करोगानेच मृत्यू येण्याचं प्रमाण पहिल्या गटात ४८ टक्के, दुसऱ्यात ३७ टक्के. सुरुवातीच्या जादा मृत्यूंमागे प्लीहा आणि स्वादुपिंडाचं टोकही काढण्याची पद्धत हे मोठं कारण होतं. आता हे अवयव शक्यतो राखतात, पण ते राखून दूरच्या ग्रंथी काढायला सरावलेला हात लागतो. त्यामुळेच हे ऑपरेशन अशा शस्त्रक्रिया नेहमी होणाऱ्या रुग्णालयात करून घ्यावं, असं मला ठामपणे वाटतं.

वाढलेल्या रोगात ऑपरेशनच्या आधी आणि नंतर केमोथेरपी दिल्यानेही आयुष्य वाढतं.

आहाराकडे घरच्यांचं फार दुर्लक्ष होतं. वजन झपाट्याने उतरलेल्या रुग्णाला ऑपरेशनही जड जातं आणि नंतरची केमोही पुरी झेपत नाही. म्हणून प्रथिनांची भर आधीपासूनच हवी. नंतर थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खायचं. पूर्ण जठर काढलं असेल तर अन्नातलं बी-१२ शरीराला नीट घेता येत नाही, त्यामुळे त्याची इंजेक्शनं बहुधा जन्मभर घ्यावी लागतात.