डेव्हिड बोवी आणि इमान यांचा विवाह

इंग्लिश रॉक गायक व गीतकार डेव्हिड बोवी (८ जानेवारी १९४७–१० जानेवारी २०१६) आणि सोमालियात जन्मलेल्या फॅशन मॉडेल इमान (जन्म २५ जुलै १९५५) यांचा नोंदणी विवाह २४ एप्रिल १९९२ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात झाला. हा विवाह कोणताही गाजावाजा न करता पार पडला. पुढे ६ जून रोजी इटलीतील फ्लोरेन्स येथे चर्चमध्ये त्यांनी आप्तेष्टांच्या उपस्थितीत धार्मिक विधी केला. या दुसऱ्या सोहळ्याची छायाचित्रे ‘हॅलो!’ या नियतकालिकाने छापली व तोच लोकांच्या लक्षात राहिला. तथापि कायद्याने ते पतिपत्नी झाले ते लोझानमध्येच.

मोगादिशू येथे जन्मलेल्या इमान या राजनैतिक अधिकाऱ्याच्या कन्या. नैरोबी येथे विद्यापीठात शिकत असताना छायाचित्रकार पीटर बिअर्ड यांच्या नजरेस त्या पडल्या आणि १९७५ मध्ये अमेरिकेत गेल्या. १९८९ मध्ये त्यांनी मॉडेलिंगमधून निवृत्ती घेतली. त्यानंतरच्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये एका सामायिक परिचिताने, जो व्यवसायाने केशरचनाकार होता, बोवींशी त्यांची ओळख करून दिली. दोघांचेही पूर्वीचे विवाह घटस्फोटाने संपलेले होते. फ्लोरेन्सच्या विधीत वराचा पाठराखा म्हणून बोवींचा पहिल्या विवाहातील मुलगा डंकन उभा होता.

या सोहळ्याचे खरे वैशिष्ट्य त्याच्या संगीतात आहे, असे म्हणावे लागेल. वधूचे घराणे मुस्लिम, वराचे प्रोटेस्टंट. दोन्हींकडच्या मंडळींना आपले वाटेल आणि कोणाचेही मन दुखावणार नाही, असे संगीत हवे म्हणून बोवींनी ते स्वतःच रचले. त्याच कामातून १९९३ मधील ‘ब्लॅक टाय व्हाइट नॉइझ’ या अल्बमला चालना मिळाली. त्याची सुरुवात ‘द वेडिंग’ या शब्दविरहित रचनेने होते: आधी चर्चच्या घंटा वाजतात, मग खर्जातला ठेका धरला जातो आणि त्यावर बोवींचा सॅक्सोफोन पूर्वेकडच्या सुरावटीचा भास देत सरकत राहतो. शेवटी हीच रचना ‘द वेडिंग साँग’ म्हणून शब्दांसह परत येते. नोंदणी विवाहानंतर अवघ्या काही दिवसांत, एप्रिलच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये उसळलेल्या वांशिक दंगली या जोडप्याने तेथे असताना पाहिल्या होत्या. अल्बमचे शीर्षकगीत त्या अनुभवातून आले. त्यामुळे एका कृष्णवर्णीय स्त्रीशी व श्वेतवर्णीय पुरुषाशी निगडित असलेला हा आनंद त्या अल्बममध्ये अस्वस्थतेच्या शेजारीच ऐकू येतो.

‘बोवी’ हे नाव रंगमंचापुरते होते. कायदेशीर आडनाव अखेरपर्यंत ‘जोन्स’च राहिले. आपण प्रेम केले ते डेव्हिड जोन्स या माणसावर, असे इमान यांनी मुलाखतींतून वारंवार सांगितले आहे. २००० मध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलीनेही जोन्स हेच आडनाव घेतले. बोवींच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ चोवीस वर्षे, हा विवाह टिकला.