प्लंबरच्या नावातलं शिसं

शिशाच्या नळांतून पाणी प्यायल्यामुळे रोमन लोक वेडे झाले आणि साम्राज्य बुडालं, हा मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतच असतो. त्यातले शिशाचे नळ खरे आहेत. लॅटिनमध्ये शिसं म्हणजे ‘प्लुंबुम’ आणि शिशाचं काम करणारा तो ‘प्लुंबारियुस’. तोच पुढे फ्रेंचमधून इंग्रजीत जाऊन आपला प्लंबर झाला. आवर्तसारणीत ८२ क्रमांकाच्या शिशाची संज्ञा ‘पीबी’ आहे ती याच प्लुंबुमवरून. (प्लंबरमधला ‘ब’ इंग्रज लिहितात, पण उच्चारत नाहीत. आपण इमानाने उच्चारतो.)

शिसं ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळतं आणि हातोडीने सहज वाकतं. रोमन कारागीर त्याचा पत्रा ओतून लाकडी दांड्याभोवती वळवत आणि सांधा झाळून टाकत. असा नळ गोल नसे, सांध्याकडे निमुळता होई.

शिशाचं विष त्यांनाही ठाऊक होतं. ओतकाम करणाऱ्यांचे फिकट चेहरे पाहून वास्तुविशारद व्हिट्रूव्हिअसने मातीचे नळ बरे, असं लिहून ठेवलं आहे. तरीही नळाने साम्राज्य बुडालं नाही, कारण खरी गंमत नळाच्या आतल्या थरात आहे.

पाण्यातल्या ऑक्सिजनमुळे शिशाचा अणू दोन इलेक्ट्रॉन गमावतो आणि आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होऊन पाण्यात उतरू पाहतो. तिथे कार्बोनेट भेटलं तर शिशाचं कार्बोनेट बनतं. ते फारसं विरघळत नाही, नळालाच चिकटतं. रोमचं पाणी दुष्फेन, म्हणजे क्षार जास्त असलेलं, त्यामुळे वर कॅल्शियम कार्बोनेटचंही पूट चढे. शिवाय पाणी अखंड वाहत असे, नळात साचून राहत नसे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोमच्या प्राचीन बंदरातला जुना गाळ तपासला गेला. रोमच्या नळाच्या पाण्यात शिसं आसपासच्या झऱ्यांच्या शंभरपटीपर्यंत असावं, पण खरोखर अपाय होण्याइतकं नसावं, असा अभ्यासकांचा निष्कर्ष. साम्राज्य बुडण्याची कारणं इतिहासकारांना विचारा, नळाला नको.

फॉस्फेटचा थर आणखी घट्ट, कारण शिशाचं फॉस्फेट कार्बोनेटपेक्षाही कमी विरघळतं. म्हणून जुने शिशाचे नळ असलेल्या अनेक शहरांत पाण्यात मुद्दाम ऑर्थोफॉस्फेट घालतात. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराला डेट्रॉइटहून येणाऱ्या पाण्यात ते असे. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी शहराने स्थानिक नदीचं पाणी सुरू केलं. त्यात धातू गंजवणारं क्लोराइड जास्त होतं आणि फॉस्फेट घातलंच नव्हतं. वर्षानुवर्षं बसलेले थर विरघळू लागले, खपल्या सुटू लागल्या आणि उघड्या पडलेल्या नळांतलं शिसं घरोघरी पोचलं. मुलांच्या रक्तातही ते वाढलेलं आढळलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये डेट्रॉइटचं पाणी परत आलं. पण उखडलेला थर पुन्हा नीट बसायला वेळ लागतो, त्यामुळे नंतर कित्येक वर्षं तिथे रस्ते खणून शिशाचे नळ काढायचं आणि तांब्याचे बसवायचं काम चाललं.